पाव इंच, पाव इंच, अर्धा इंच

मंगळवारी सकाळी दादाने आपल्या लेकीच्या, टाचणीच्या, मानेचा फोटो इस्त्रीखाली जाळला.

मुद्दाम नाही जाळला. दादाला काळजी लागली की तो हाताला येईल त्याला इस्त्री करतो. सोनोग्राफीचा तो गुळगुळीत कागद पाकिटात दुमडून चुरगळला होता, आणि चुरगळलेली वस्तू चारचौघांत न्यायची म्हणजे या घरात अब्रूचा प्रश्न. त्याने कागदावर मलमलचं फडकं टाकलं, इस्त्री टेकवली, मनात दहा आकडे मोजले आणि उचलली. कागद अगदी सपाट झाला होता आणि अगदी काळाही झाला होता. अशा कागदावरची छपाई उष्णतेनेच होते, त्याला इस्त्री चालत नाही, हे धाकट्याने मोबाईलवर वाचलं. पण दोघा भावांचं तीन वर्षं बोलणं बंद होतं, म्हणून त्याने ते चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकलं. दादाने चिठ्ठी वाचली आणि तिलाही इस्त्री केली.

आत्याने तो काळा कागद उजेडाकडे धरून पाहिला. मान नव्हती, गाठ नव्हती, काहीच नव्हतं. बरं झालं, असं तिच्या मनात आलं आणि पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली, की ती कॉलरींच्या ढिगाशी जाऊन उगीचच त्या मोजत बसली.

या घरात कपडा कोणीच शिवत नाही, सगळे मिळून शिवतात. अण्णा बेतून कापतात, त्यांची बहीण म्हणजे आत्या कॉलर आणि गळा करते, दादाची बायको म्हणजे वहिनी बाह्या आणि बाजू जोडते, धाकटा काज आणि बटणं करतो, दादा इस्त्री करतो, आणि शेवटी अण्णा पूर्ण माल उलटासुलटा करून तपासतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. बाहीवाल्याने कॉलरीत नाक खुपसायचं नाही, हा अण्णांचा नियम. त्यात तीन वर्षांपूर्वी खिडकीजवळच्या मशीनवर कोणी बसायचं यावरून दादा आणि धाकटा यांच्यात जे व्हायचं ते झालं. तोंड उघडलं की भांडण होतं, तेव्हा यापुढे तोंड उघडायचं नाही, कामाचं असेल ते चिठ्ठीवर लिहायचं, असं अण्णांनी ठरवून दिलं. कापण्याच्या टेबलाखाली एक वेताची टोपली आली. भांडण केव्हाच शिळं झालं, टोपली मात्र राहिली. आता तर वहिनी जेवण तयार असल्याचीही चिठ्ठी टाकायची.

मागच्या गुरुवारी त्याच टोपलीत वहिनीच्या अक्षरात एक चिठ्ठी पडली. ‘टाचणीच्या गाठीचा तपास आला. लिम्फोमा म्हणतात. कॅन्सरच आहे. बुधवारी अकराला सगळं समजावून सांगणार आहेत.’ चिठ्ठी रीतीप्रमाणे सगळ्यांकडे फिरली. धाकट्याने वाचली आणि त्याचं बोट काजाच्या मशीनखाली गेलं. अण्णांनी वाचून कोपऱ्यात ‘पाहिले’ असं लिहिलं, तारीख घातली, आणि मग पेन्सिल खाली ठेवायची कशी हे विसरल्यासारखे ती धरून उभे राहिले. चिठ्ठी आत्याकडे शेवटी आली. तिने ती मापाच्या पट्टीच्या पत्र्याच्या डबीत ठेवली.

त्या डबीत आधीच तीन चिठ्ठ्या होत्या.

पहिली अकरा आठवड्यांपूर्वीची. ‘टाचणीच्या शाळेच्या शर्टाचा गळा आवळतो. सैल करणे.’ तेव्हा आत्याने टाचणी गृहपाठ करत असताना मागून पट्टी टाकली, पाव इंच जास्त भरला, धाकट्याने बटण सरकवलं. चार आठवड्यांनी तशीच दुसरी. पुन्हा पाव इंच. या वेळी आत्याने कॉलर उसवून पट्टा वाढवला. तिसऱ्या चिठ्ठीच्या वेळी अर्धा इंच हवा होता, म्हणून अण्णांनी नवी कॉलर कापली. नऊ वर्षांची पोर, वाढतं अंग, असं सगळेच म्हणाले. म्हणजे लिहिलं.

पण आत्याला डाचत होत्या त्या चिठ्ठ्या नव्हत्या. गळ्याचं माप घेताना पट्टीच्या आत एक बोट ठेवायचं असतं, म्हणजे कॉलर गळ्याला काचत नाही. तिसऱ्या वेळी आत्याचं बोट आत होतं, आणि त्या बोटाला टाचणीच्या मानेच्या उजव्या बाजूला काहीतरी लागलं होतं. कोटाच्या बटणाएवढं. रबरासारखं, जरा सरकणारं. टाचणीला दुखलंही नाही, ती पाढा म्हणत होती. सर्दीची असेल गाठ, असं आत्याने मनात म्हटलं आणि वहीत अर्धा इंच लिहिला. कापड आवळलं की सैल करायचं, एवढंच तिला आयुष्यभर येत होतं, आणि तेच तिने केलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ताप हटेना म्हणून टाचणीला दवाखान्यात नेलं, तेव्हा गाठ सगळ्यांना दिसली. डॉक्टरांनी कधीपासून आहे विचारल्यावर दादा म्हणाला, आठ दिवस झाले असतील. आत्या तिथे नव्हती. नंतर ऐकलं, तेव्हाही ती बोलली नाही.

मंगळवारी दुपारी अण्णांनी तीन वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांना टेबलाभोवती तोंडी बोलावलं. सगळे इतके दचकले की वहिनी हातातल्या बाहीसकट आली. अण्णा म्हणाले, उद्या ती डॉक्टरीणबाई बोलेल आणि आपण बैलासारखे माना हलवत बसू, हे चालायचं नाही. जायच्या आधी दुखणं समजून घ्यायचं. आणि समजून घ्यायची त्यांना एकच रीत ठाऊक होती. कोट वाटून द्यावा तसा त्यांनी आजार वाटून दिला. रक्त धाकट्याकडे, औषधं वहिनीकडे, कागदपत्रं दादाकडे (इथे सगळ्यांनी काळ्या फोटोकडे न बघायचा प्रयत्न केला), आणि मान आत्याकडे. पूर्ण माल ते स्वतः तपासणार होते.

“मान मला नको,” आत्या म्हणाली.

“गळ्याचं काम चाळीस वर्षं तुझंच आहे,” अण्णा म्हणाले आणि विषय संपला.

धाकट्याने मोबाईलमधून आणलेली पहिली बातमी अशी, की माणसाच्या अंगात अशा गाठी मुळातच असतात, निरोगी माणसातसुद्धा, आणि त्या पाच-सहाशे असतात. अण्णांना हे अजिबात पटलं नाही. पन्नास वर्षं आपण माणसं मोजतो आहोत, उंच मोजले, बुटके मोजले, एका खांद्याने उतरते मोजले, सहाशे गाठींचा माणूस आपल्या पट्टीखाली कधी आला नाही. धाकटा म्हणाला, त्या लहान असतात, वालाएवढ्या, आत लपलेल्या, मापात येत नाहीत. मापात येत नाही ते अंगात कशाला असेल, असं अण्णांनी विचारलं.

मग ठकी आणली. ठकी म्हणजे टाचणीच्या मापाचा कापडी पुतळा. दर वाढदिवसाला अण्णा तिच्यात थोडा कापूस भरून तिला टाचणीएवढी करत. धाकट्याने बटणांचा डबा घेतला आणि मोबाईलवरच्या चित्रात बघून बघून ठकीवर गाठी शिवायला सुरुवात केली. मानेला लाल, काखेत पांढरी, जांघेत निळी, छातीत आणि पोटात जी मिळतील ती. वहिनीने रंगांवर हरकत घेतली. दादा म्हणाला, म्हणजे धाकट्याला नव्हे, हवेत बघून म्हणाला, की काखेतली बटणं समान अंतरावर नाहीत. धाकटा हवेलाच म्हणाला, की गाठी काय आखून लावलेल्या असतात का. तीन वर्षांतला हा त्यांचा सगळ्यात लांब संवाद होता. धाकटा एकदा शिवायला बसला की त्याला थांब कळत नाही. त्याने साडेतीनशे बटणं लावली तरी हात चालूच होता, आणि ठकी एवढी जड झाली की स्टँडवर एका बाजूला कलली.

टाचणी एवढा वेळ दारात उभी होती. तिच्यापुढे तो शब्द काढायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून धाकट्याने मोबाईल पालथा केला. ती आत आली, ठकीच्या मानेवरचं लाल बटण बोटाने चाचपलं आणि म्हणाली, की उजवीकडचं इथे नाही, याच्या जरा खाली आहे. मग ती पाणी पिऊन शाळेची चित्रं रंगवायला गेली. धाकट्याने निमूटपणे बटण उसवून खाली लावलं. आत्याला ते बघवलं नाही. त्या पोरीने दाखवलेली जागा अचूक होती आणि आत्याच्या बोटाला ती सगळ्यांच्या आधीपासून माहीत होती.

बुधवारी सगळे निघाले. एकट्याला कोणालाच पाठवायचं नव्हतं, कारण प्रत्येकाला आजाराचा आपापला भागच येत होता. ठकीला गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवलं, कारण मागे तिची बटणं टोचत होती.

हॉस्पिटलच्या दारावरच्या रखवालदाराने ठकीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिच्या गळ्यात पाहुण्यांचा बिल्ला अडकवला. ठकीबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याची तक्रार अण्णांच्या पिशवीतल्या कात्रीबद्दल होती. नऊ इंची कात्री आत नेता येणार नाही. अण्णा म्हणाले, ही कात्री पन्नास वर्षांत त्यांनी पोटच्या मुलांच्या हातात दिलेली नाही, दारावर ठेवून जायचा प्रश्नच नाही. मग कात्री घेऊन का आलात, असं त्याने विचारलं. अण्णांनी जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं, की हातात काही नसलं की भीती वाटते. अखेर तोड अशी निघाली, की कात्री रखवालदार धरणार आणि कात्रीसोबत तो स्वतः वर येणार. तो दोन्ही हातांत कात्री आडवी धरून लिफ्टमध्ये शिरला. आत आधीच असलेल्या एका बाईने सात माणसं, एक पुतळा आणि ही कात्री बघितली आणि ती पुढच्याच मजल्यावर उतरली.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत तीन खुर्च्या होत्या. एकीवर टाचणी बसली, एकीवर अण्णा, तिसरी वहिनीने आत्याला दिली. बाकीचे भिंतीला टेकले आणि ठकीला मध्ये उभं केलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चष्मा नाकावर घसरलेला. दादाने अदबीने काळा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो पालथा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, की हे काय आहे. इस्त्री, दादा म्हणाला. फोटो संगणकात आहे, असं त्यांनी त्याला सांगितलं आणि दादाचे डोळे भरून आले. मग त्यांनी मुलीला बाहेर बसवायचं का असं हळूच विचारलं.

“मला माहीत आहे,” टाचणी म्हणाली. “लिम्फोमा. तुमच्या फाइलवर लिहिलंय, उलटं पण वाचता येतं. हे लोक मला सांगत नाहीत. हे एकमेकांनाही सांगत नाहीत, चिठ्ठी टाकतात.”

डॉक्टरीणबाईंनी घरच्या सगळ्यांवर एकदा नजर फिरवली, उठून ठकीपाशी आल्या आणि चष्मा वर सरकवला. हे कोणी केलं, म्हणाल्या. धाकट्याने चूक कबूल करावी तसा हात वर केला. फार छान केलंय, असं त्या म्हणाल्या, आणि दादाने तीन वर्षांत पहिल्यांदा धाकट्याकडे सरळ बघितलं.

मग त्यांनी टाचणीला समजावलं, बाकीच्यांनी ऐकलं. अंगात रक्त फिरतं तसंच एक पातळ पाणीही फिरतं, आणि या गाठी म्हणजे त्या वाटेवरच्या गाळण्या. तिथे पांढऱ्या पेशी राखण करतात. रोगजंतू आला की त्या पेशी वाढतात, त्याला मारतात आणि थांबतात. म्हणून सर्दी झाली की मानेत गाठ येते आणि जाते. लिम्फोमात या पेशी वाढतात आणि थांबतच नाहीत. गाठ मोठी होत जाते, बहुतेक वेळा दुखतही नाही. ताप येतो, घाम येतो, वजन उतरतं, थकायला होतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. काही खाल्लं म्हणून होत नाही, पडलं म्हणून होत नाही.

टाचणीने ठकीकडे बघितलं. “म्हणजे काकासारखं,” ती म्हणाली. “पुरे म्हटलं तरी बटणं लावतच सुटला.”

अगदी तसंच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. धाकटा खाली बघू लागला. रखवालदाराने मान डोलावली.

मग त्यांनी कात्री मागितली. रखवालदाराने अण्णांकडे बघितलं. अण्णांनी होकाराची मान हलवली. कात्री डॉक्टरीणबाईंच्या हातात गेली. त्या ठकीची बटणं कापायला लागल्या. जांघेतली निळी कापली, इथे काही नाही. पोटातली कापली, इथे नाही. काखेतली कापली. बटणं फरशीवर टपटप पडून कपाटाखाली गेली आणि प्रत्येक बटणाबरोबर वहिनीचा खांदा थोडा खाली उतरला. शेवटी मानेत उजवीकडे चार आणि छातीत मधोमध तीन राहिली. एवढ्याच ठिकाणी आहे, म्हणाल्या. दोन जागा, दोन्ही छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वरती, म्हणजे दुसरा टप्पा. हॉजकिन म्हणतात तो प्रकार. औषधं सलाइनमधून द्यायची, काही महिने, मध्ये थांबत थांबत. लागलं तर पुढे थोडे किरण. केस जातील, पुन्हा येतील. उलट्या होतील, त्यावर गोळ्या आहेत. या प्रकारात मुलं बहुतेक बरी होतात, दहातली नऊ आणि वर काही.

“आता एकच राहिलं,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “बाबांनी आठ दिवस लिहून दिलेत. एवढी गाठ आठ दिवसांत होणं अवघड आहे. नक्की कधीपासून होती, कोणाला माहीत आहे का?”

भिंतीला टेकलेले सगळे एकदम दुसरीकडे बघू लागले. आत्याच्या मांडीवर तिची पिशवी होती आणि पिशवीत डबी आणि मापाची वही. गप्प बसलं तर कोणाला कधी कळणार नव्हतं. आठ दिवस तसेच कागदावर राहिले असते, औषधं तीच दिली असती, आणि पोर बरी झाली तर हे सगळं तिच्यासोबत संपलं असतं. आणि नाही झाली तर? ते दहावं मूल आपल्या घरात निघालं तर? मग आयुष्यभर कॉलरी करत बसायचं आणि दर कॉलरीत ते बोट. तिने डबी काढली. झाकण घट्ट बसलं होतं, ते टाचणीने उघडून दिलं.

“अकरा आठवडे,” आत्या म्हणाली. “पाव इंच, पाव इंच, अर्धा इंच. तारखा आहेत. तिसऱ्या वेळी गाठ माझ्या बोटाला लागली होती. कोटाच्या बटणाएवढी. मी गळा वाढवला आणि गप्प बसले.”

मग धाकटा म्हणाला, की पहिलं बटण त्याने सरकवलं, तेव्हाच मान बघायला हवी होती, खरी चूक त्याची. वहिनी म्हणाली, चूक कसली भाऊजींची, चिठ्ठ्या तिने लिहिल्या, आई ती आहे, रोज वेणी ती घालते. दादा म्हणाला, ती कॉलर त्याने तीनदा इस्त्री केली, तीन वेगळ्या मापांची कॉलर हाताखालून गेली आणि त्याला कळलं नाही, तेव्हा सगळ्यात मोठा गुन्हेगार तो. धाकटा त्याच्यावर खेकसला, की प्रत्येक गोष्टीत मोठेपणा घ्यायची सवय जाणार नाही का. दादा म्हणाला, पहिलं बटण, पहिलं बटण काय लावलंय, पाव इंचात काय दिसतं. अण्णांनी टेबलावर थाप मारली आणि बजावलं, की पूर्ण माल तेच तपासतात, वर ‘पाहिले’ लिहितात, तेव्हा चूक त्यांची आणि यावर चर्चा नको. खिडकीजवळच्या मशीनवरून झालं नसेल एवढं भांडण त्या दोषावरून झालं. कोणी तो सोडायला तयार नव्हतं. कात्री परत रखवालदाराच्या हातात आली होती. त्याने ती पाठीमागे लपवली.

आत्या रडत होती आणि तिला ऐकू येत होतं, की तीन वर्षांनी सगळे तोंडाने बोलतायत.

डॉक्टरीणबाई या गोंगाटाला वळसा घालून आत्यापाशी आल्या. तिन्ही चिठ्ठ्या आणि मापाची वही त्यांनी लावून ठेवली आणि तारखा उतरवून घेतल्या. त्या म्हणाल्या, लोक येतात आणि सांगतात, असेल बरेच दिवस, उन्हाळ्यात दिसली होती वाटतं. इंचात मोजून आणलेली गाठ त्या पहिल्यांदाच बघतायत. हा प्रकार सावकाश वाढणारा आहे, बहुतेक मुलं आमच्याकडे महिन्यांनी पोचतात. मुलांच्या मानेत गाठी नेहमीच येतात, डॉक्टरसुद्धा त्यांवर काही आठवडे लक्ष ठेवायला सांगतात.

आत्याने डोळे पुसले. तिला गोड बोलणं नको होतं. “पण मी तेव्हा बोलले असते तर?”

“तर तीन आठवडे आधी आला असतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “उपचार बहुधा हेच झाले असते. मला शपथेवर सांगता येणार नाही. पण मला तसं वाटतं, आणि आज तुम्ही सांगितलंत ते माझ्या उपयोगाचं आहे.”

आत्याने मान हलवली. शपथ घेतली असती तर तिने विश्वास ठेवला नसता.

घरी परतल्यावर टोपलीचं काय करायचं यावर कोणी काही ठरवलं नाही. ती आपोआप रिकामी राहिली, कारण सगळे दिवसभर बोलतच होते, आणि बरंचसं भांडतच होते. पहिली सलाइन लागली. टाचणी दोन दिवस उलट्या करून तिसऱ्या दिवशी धिरड्यासारखी पसरून झोपली. दादा घरातल्या सगळ्यांचे मास्क इस्त्री करू लागला. वहिनीने गोळ्यांची वेळ भिंतीवर लिहिली. धाकट्याने टोपी शिवली, कारण केस जायला लागले होते, आणि तिच्यावर सात बटणं लावली, ठकीवर राहिली होती तेवढीच. आठवं घेतलं होतं, ते टाचणीने डोळे वटारले म्हणून परत डब्यात टाकलं. आत्या कॉलरी करत होती. हात चालत होते, पण गेल्या तीन आठवड्यांत तिने कोणाच्याही गळ्याला पट्टी लावली नव्हती. गिऱ्हाईक आलं की काहीतरी निमित्त काढून ती वहिनीला पुढे करायची. टाचणीच्या खोलीत जायची तेही दारापर्यंत.

चौथ्या सोमवारी, दुपारच्या वेळी, टेबलाखाली काहीतरी पडल्याचा आवाज आला. टोपलीत चिठ्ठी होती. अण्णांनी उचलली, चष्मा लावून वाचली, आणि ‘पाहिले’ न लिहिता आत्याच्या हातात दिली. अक्षर रंगीत पेन्सिलीचं होतं.

‘गळा सैल होतो. आवळणे. पण आधी सगळ्यांनी येऊन बघणे. हात धुऊन.’

सगळ्यांनी हात धुतले. न्हाणीघराच्या दारात त्यावरूनही रेटारेटी झाली. टाचणी पलंगावर शाळेचा शर्ट घालून, वरचं बटण लावून, टोपी घालून बसली होती. कॉलर तिच्या मानेपासून सुटून उभी होती. तिने हनुवटी वर केली आणि आत्याकडे बघितलं.

“तू आधी,” ती म्हणाली. “बोट आत ठेवून.”

आत्याने पट्टी टाकली. बोट आत घातलं. पोरीची मान गरम होती आणि तिच्यातली नाडी बोटाखाली उडत होती. आत्याचं बोट उजवीकडे गेलं, जरा खाली, आणि तिथे थांबलं.

“शर्टाचं,” आत्या म्हणाली. “शर्टाच्या बटणाएवढी आहे.”

दादाने धाकट्याचा हात धरला आणि मग लक्षात आल्यावरही सोडला नाही. टाचणीने प्रत्येकाला एकेकदा बोट लावू दिलं. अण्णांचं झालं तेव्हा त्यांनी खिशातून खडू काढला, कॉलरीवर अर्ध्या इंचाची खूण करायला वाकले, आणि खूण न करताच सरळ झाले. आणखी उतरेल, ते म्हणाले, आत्ताच कापायला नको. म्हणून तो शर्ट तसाच राहिला. चाळीस वर्षांत या घरातून इतकी वाईट बसलेली कॉलर कधी बाहेर पडली नव्हती, आणि टाचणी ती घालून खिडकीत बसायची, रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसेल अशी.